आबांचं जॉल

ग्वाक आबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांच्या तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला, तो म्हणजे जॉल. बाकी सगळं गेलं. शिव्या गेल्या, हुकूम गेले, हवामानावरची आणि सरकारवरची मतं गेली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात घरातल्या कुणाला एक वाक्य धड पुरं करू दिलं नव्हतं, तो आता दिवसभर उशीला टेकून बसायचा, शाबूत असलेला डावा हात खिडकीकडे उचलायचा आणि म्हणायचा, "जॉल."

जॉल म्हणजे देऊळ. आणि त्या गावात नुसतं जॉल म्हटलं की डोंगरावरच्या खिंडीपलीकडचा तो पडका बौद्ध मठ. देशाच्या उत्तर आणि दक्षिण भागांत झालेल्या लढाईत तो जळाला आणि पुन्हा कुणी बांधला नाही. आता तिथे जोत्याचे दगड आहेत, शेंडा उडालेला एक तीनमजली दगडी मनोरा आहे आणि एक दगडी कमळ आहे. त्या कमळावर पूर्वी बुद्ध बसायचा, आता नाही. सरकारी पाटीवर मठाचं लांबलचक नाव लिहिलेलं आहे, ते कुणी वाचत नाही. गावातली पोरं शाळेला दांडी मारून जातात ती जॉलवर, आणि देगू शहराहून बसा भरभरून येणारे गिर्यारोहक डबे उघडून बसतात तेही जॉलवर.

तेव्हा आबा खिडकीकडे हात करून जॉल म्हणाले, की घरात कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. खिडकीत डोंगर होता, डोंगरावर जॉल होतं. खिडकीखाली लसूण सोलत बुनही बसलेली असायची, तिने फारतर मान बाजूला घेतली असेल, म्हाताऱ्याला डोंगर नीट दिसावा म्हणून.

बुनही म्हणजे त्यांची सून. निदान गाव तिला सून म्हणायचं, आबांनी तो शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने, मानसोकने, तिला घरी आणलं तेव्हा ती विधवा होती, मानसोकपेक्षा वयाने मोठी होती, आणि तिचं बोट धरून तिची सात वर्षांची मुलगी नारे उभी होती. यातली एकही गोष्ट आबांना चालणारी नव्हती, इथे तर तिन्ही एकदम दारात आल्या. चांद्र नववर्षाची सकाळ होती. बुनहीने मैत्रिणीचा हिरवा हानबोक, सणासमारंभाचा तिथला पारंपरिक पोशाख, मागून आणून घातला होता. सासूसासरे शेजारी शेजारी बसले. बुनहीने दोन्ही हात कपाळाशी नेले, आता खाली वाकणार, तोच आबांनी आसनासकट पाठ फिरवली आणि भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाले, "तुझा नमस्कार मी घेत नाही."

नवीन सुनेचा नमस्कार घेतला म्हणजे ती घरातली झाली. नाही घेतला तर मग कचेरीतली लग्नाची नोंद तेवढी उरली, तिचं काय लोणचं घालायचंय? बुनही घरात राहिली, नांदली, पण आबांच्या लेखी ती आली कधीच नव्हती. हाक मारायची वेळ आली की ते चमचा जमिनीवर आपटत. दर नववर्षाला लेक, मुलगा, नातवंडं ओळीने त्यांच्यापुढे वाकायची, आणि बुनही स्वयंपाकघरात सूप ढवळत उभी राहायची. ते सूप कुणी ढवळलं नसतं तरी चाललं असतं. नारेही आईच्या कमरेला चिकटून तिथेच उभी असायची, आणि मोठी झाल्यावर तर तिने नववर्षाला गावी येणंच सोडलं. बुसानला शिकते, अभ्यास असतो, असं ती सांगायची. बुनही ते खरं मानायची, म्हणजे तसं दाखवायची.

सासू वारल्यावर मात्र बुनहीला या घरात पहिल्यांदा नमस्कार करायला मिळाला. वर्षश्राद्धाला ती सगळ्यांबरोबर वाकली, दोनदा. जिवंत माणसाला एक नमस्कार, मेलेल्याला दोन, बुद्धाला तीन, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. मेलेल्या माणसाला पाठ फिरवता येत नाही, असं ती त्या रात्री मानसोकला म्हणाली.

मनातून तिला काय हवं होतं ते सरळच सांगितलेलं बरं, कारण तिने ते कुणापाशी कधी काढलं नाही. या माणसाने डोळे मिटण्याआधी एकदा तिच्याकडे तोंड करून बसावं, तिचा नमस्कार घ्यावा, एवढंच तिला हवं होतं. दुसरा झटका केव्हाही येऊ शकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून आबांना भरवताना, पुसताना, कूस बदलून देताना तिच्या मनात सारखं एकच यायचं, की हा म्हातारा असाच जाणार आणि आपण जन्मभर उंबऱ्याबाहेर राहणार. मग स्वतःचाच राग यायचा. मरायला टेकलेल्या माणसाकडून असली अपेक्षा धरायची म्हणजे काय?

आबांनी खाणं सोडलं तेव्हा पोहांगहून त्यांची थोरली लेक जॉम्रे आली. जॉम्रेला यायला वेळ लागतो, पण आली की पहिल्या घटकेत सगळं कळतं. तिने वडिलांची नाडी बघितली, जीभ बघितली, भावजयीने केलेली पेज चाखून मीठ कमी असल्याचं सांगितलं आणि निकाल दिला. आबांना शेवटचं देवदर्शन हवंय. एवढी साधी गोष्ट तुम्हाला कशी कळली नाही?

मानसोक म्हणाला की आबांनी आयुष्यात कधी बुद्धापुढे हात जोडलेले त्याला आठवत नाहीत. त्यावर जॉम्रेने शेवटी सगळ्यांनाच सुचतं, तुलाही सुचेल, असं सांगून त्याला गप्प केलं आणि गाडी काढायला लावली. तासभर लांब एक मोठं, रंगीबेरंगी, चांगलं चालतं देऊळ होतं. तिथल्या वाहनतळावर पोहोचेपर्यंत आबा शांत होते. पाटी दिसली, घंटा ऐकू आली, तसे ते असे काही ओरडायला लागले की चहाच्या टपरीवरची बाई धावत आली. "जॉल, जॉल," ते म्हणत आणि मान जोरजोराने नकारार्थी हलवत.

"जॉलच आहे हे, आबा," मानसोक म्हणाला. "याच्याहून मोठं जॉल या जिल्ह्यात नाही."

आबांनी डाव्या हाताने त्याच्या कानशिलावर एक लगावली. हात डावा असला तरी नेम चुकला नाही.

परतीच्या वाटेवर जॉम्रेला दुसऱ्यांदा उलगडा झाला. हे जॉल नकोच आहे त्यांना. त्यांना आपलं जॉल हवंय, वरचं. खिडकीकडे हात करतात ते काय उगाच? लहानपणी गुरं घेऊन तिथेच जायचे, आईशी लग्न ठरलं तेही तिथेच कुठेतरी भेटून. "मी पहिल्यापासून तेच म्हणत होते," असंही ती म्हणाली, आणि एवढ्याशा गाडीत भांडण नको म्हणून सगळ्यांनी ते मान्य केलं.

डॉक्टरांना विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, म्हणून कुणी विचारलं नाही. मानसोकने माळ्यावरून जुनं जिगे काढलं. पाठीवर ओझं वाहायची ती लाकडी चौकट, आबांनीच कधीकाळी बनवलेली. तिच्यावर त्याने अंगणातली प्लास्टिकची खुर्ची दोरीने पक्की बांधली, पाय तेवढे करवतीने कापून टाकले. आबांना दुलईत गुंडाळून वर बसवलं, छातीवरून आणि मांड्यांवरून दोन पट्टे आवळले आणि डोक्यावर त्यांची सणासुदीची फेल्ट हॅट चढवली. हॅटचा आग्रह आबांचाच. शब्द एकच असला तरी त्या एका शब्दात ते बरंच काही मागून घेत.

पानगळीचे दिवस होते, आणि डोंगर गिर्यारोहकांनी फुलून गेला होता. शहरातले गिर्यारोहक म्हणजे एक प्रकरणच असतं. टेकडी घराच्या गच्चीएवढी असली तरी कपडे हिमालयाचे. भडक जाकिटं, दोन्ही हातांत काठ्या, पाठीच्या पिशवीत काकड्या, आणि कमरेला लटकवलेल्या रेडिओवर जुनी रडकी प्रेमगीतं. त्या लाल-जांभळ्या मिरवणुकीतून मानसोक वाकून, घामाघूम होऊन बापाला पाठीवर घेऊन निघाला तेव्हा वाट आपोआप मोकळी होत गेली. एका गृहस्थांनी काठ्या काखोटीला मारून टाळ्या वाजवल्या. आजच्या काळात असा मुलगा बघायला मिळत नाही, असं सगळे म्हणू लागले. मानसोकला दम घ्यायला फुरसत नव्हती, तेव्हा त्याच्या वतीने ती स्तुती जॉम्रे स्वीकारत होती आणि बदल्यात काकड्या घेत होती.

बुनही मागे होती. चढावर खुर्ची मागे झुकू नये म्हणून तिने खालून दोन्ही हातांचा टेकू दिला होता. तिची स्तुती कुणी केली नाही, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही, कारण तिचं लक्ष वेगळीकडेच होतं. जिगेवर माणूस बसवला की त्याचं तोंड मागे असतं. म्हणजे आबा तिच्याकडे तोंड करून बसले होते. हातभर अंतरावर, चांगला तासभर. चौदा वर्षांत ते एवढा वेळ तिच्यासमोर कधी बसले नव्हते, आणि आत्ताही बसले होते ते बांधून घातले होते म्हणून. या विचाराने तिला हसू आलं.

आबा मात्र तिच्यावरून नजर काढत नव्हते. "जॉल," ते मधूनच म्हणत.

"आलंच, मामंजी," ती म्हणायची. "ओढा ओलांडला की आलंच."

मग ते डोळे मिटून घेत, एखाद्या बावळटाशी गाठ पडल्यासारखे. बुनहीला वाटे, चढ त्रास देतोय.

जॉलवर पोहोचले तेव्हा दुपारचं ऊन जोत्याच्या दगडांवर पसरलं होतं. पिवळ्या पानांचा सडा पडला होता, आणि जिथे एकेकाळी भिक्षू पहाटे पाठ म्हणत तिथे आठदहा बायका चटया अंथरून भाताच्या गुंडाळ्या आणि किमची खात बसल्या होत्या. एकीने लगेच कागदी पेल्यातून कॉफी पुढे केली. मानसोकने मनोऱ्यासमोर जिगे टेकवलं, खाली काठीचा आधार दिला आणि स्वतः आडवा झाला. थोड्या वेळाने उठून त्याने खुर्चीसकट जिगे मनोऱ्याच्या दिशेने वळवलं.

"बघा आबा, जॉल," तो म्हणाला.

आबांनी बघितलं. शेंडा उडालेला मनोरा बघितला, रिकामं कमळ बघितलं, काकड्या सोलणारी त्यांची लेक बघितली. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. जॉम्रेने पदर नसताना पदर लावल्यासारखी बाही डोळ्यांना लावली. सगळ्यांना भरून आलं. पण आबांचा चेहरा बुनहीने रोज उजाडल्यापासून मावळेपर्यंत बघितलेला होता. हे आनंदाचं रडू नव्हे, हे तिला तत्क्षणी कळलं. लहान मूल तहान तहान म्हणत असावं आणि आईने त्याला एकामागून एक खेळणी आणून द्यावीत, तेव्हा ते शेवटी जसं रडतं, तसं ते रडणं होतं.

एवढ्यात चटयांवरच्या दोन बायका हात पुसून उठल्या. वय झालेल्या, देवाधर्माच्या असाव्यात. मूर्ती नसली म्हणून काय झालं, त्या मनोऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि वाकल्या. गुडघे टेकले, कपाळ टेकलं, उठल्या, पुन्हा वाकल्या.

आबांचा डावा हात दुलईतून ताडकन बाहेर आला. "जॉल!" त्या बायकांकडे बोट करून ते म्हणाले. "जॉल, जॉल!"

आबांना पाया पडायचंय, असं मानसोकला वाटलं. त्याने पट्टे सोडायला घेतले तर हातावर चापट बसली. मग जॉम्रेला तिसऱ्यांदा उलगडा झाला. आपण पाया पडावं असं म्हणतायत ते, घराण्याच्या वतीने. तिने भावाला आणि भावजयीला ओळीत उभं केलं आणि तिघांनी मनोऱ्याला चांगले तीन-तीन नमस्कार घातले. जॉम्रेचे गुडघे कटकट वाजले. उठून बघतात तो आबा खुर्चीत मान टाकून बसलेले, थकून, हरल्यासारखे. ओठ तेवढे हलत होते.

बुनही त्यांची लाळ पुसायला पुढे झाली. घसरलेली दुलई वर ओढली. आणि आबांनी तिची बाही पकडली.

पकड घट्ट होती. त्यांनी बाही खाली ओढली, जमिनीकडे. एकदा, दोनदा. ती वाकली, तिला वाटलं कानात काही सांगायचंय. ते जोर करत होते, कपाळावरची शीर फुगली होती, वाकडं झालेलं तोंड एका नव्या शब्दाला आकार देऊ बघत होतं.

"जॉल," ते म्हणाले. मग बराच वेळ नुसता श्वास. मग, "घे... घेतो."

देऊळ कुणी घेत नाही.

आता हे मराठीत सांगताना एक गोष्ट आपसूक झाकली गेली आहे, ती उघडी करायला हवी. तिथल्या भाषेत जॉल म्हणजे देऊळ, आणि जॉल म्हणजेच नमस्कार. दोन्हीला तोच शब्द, तोच उच्चार, एका मात्रेचा फरक नाही. तरी त्यात कधी कुणाची फसगत होत नाही, कारण जॉलला जायचं असतं आणि जॉल करायचं असतं, घ्यायचं असतं. पुढचं क्रियापद सगळं सांगून टाकतं. आबांची क्रियापदं झटक्यात गेली होती. नुसतं जॉल उरलं होतं, आणि ज्या गावाच्या डोक्यावर एक जॉल रात्रंदिवस उभं आहे तिथे त्याचा दुसरा अर्थ कुणाला सुचणार? शिवाय खरी गोष्ट ही, की ग्वाक आबा नमस्कार मागतील, आणि तोही हिचा, हे त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. बुनहीच्या तर नाहीच. खिडकीकडे उचललेला तो हात डोंगराकडे नव्हता, तिच्याकडे होता, आणि ती बापडी मान बाजूला घेत होती.

चौदा वर्षांपूर्वी भिंतीकडे तोंड करून ते जे म्हणाले होते, त्यातही हाच शब्द होता. तिला तो पुरा ऐकू आला, जसाच्या तसा.

कुणाला वाटेल, तिचं काळीज आनंदाने भरून आलं असेल. तसं झालं नाही. आधी तिला राग आला, असा राग की कानशिलं तापली. आत्ता? एवढी वर्षं चमचे आपटले आणि आत्ता, या चिखलाने भरलेल्या विजारीत, किमची खाणाऱ्या परक्या बायकांसमोर? ती बाही सोडवून घेऊन सरळ उभी राहिली.

जॉम्रे विचारत होती काय म्हणाले, काय म्हणाले. बुनहीने तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"मामंजी," ती म्हणाली. "माझ्या एकटीचा मी करणार नाही. त्या दिवशी दारात दोघी होतो. नारेचाही घेणार असाल तर करते."

जॉम्रेच्या हातातली काकडी खाली पडली. मानसोक एकदा बायकोकडे, एकदा बापाकडे बघू लागला, आणि मग त्यालाही सगळं समजलं. त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं आणि हाताच्या पाठीने नाक पुसलं. कुणीतरी रेडिओ बंद केला.

आबा सुनेकडे बघत राहिले. इतकं उलट बोललेलं त्यांनी जन्मात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. मग डावा हात हळूहळू उचलला आणि जमिनीपासून थोड्या उंचीवर हवेत आडवा धरला. एवढी. सात वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा तसा तो हात तिथे राहिला. पोर आता त्यांच्यापेक्षा उंच झालेली होती, पण त्यांच्या मनात ती अजून तेवढीच होती, दारात उभी.

"ती," ते म्हणाले. "ये... येऊ दे."

बुनहीचा राग कुठे गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. एवढं मोठं ओझं इतक्या पटकन उतरतं म्हणजे काय, याचाच तिला क्षणभर धक्का बसला. माणूस विसरला नव्हता. इतकी वर्षं त्याच्याही डोळ्यांसमोर तो उंबरा होता, आणि वळून बसायला त्याला जमत नव्हतं. शेवटी अर्धं अंग गेलं तेव्हा कुठे जमलं.

चटईवरच्या बायकांना काय चाललंय ते पुरतं कळलं नसेल, पण कुणाचा तरी नमस्कार राहिलाय एवढं त्यांना बरोबर कळलं, आणि तेवढं पुरे असतं. त्यांनी भराभर डबे उचलले. सगळ्यात स्वच्छ चटई झटकून मनोऱ्यासमोरच्या जोत्यावर अंथरली. एकीने बुनहीच्या केसांतली पानं काढली, दुसरीने तिचं जाकीट ओढून सारखं केलं, माहेरच्या बायका करतात तसं. मानसोकने खुर्ची फिरवून चटईसमोर सरळ लावली. जॉम्रे म्हणाली, थांबा, आणि वडिलांची हॅट नीट बसवून, त्यांची हनुवटी पुसून, स्वतः मागे जाऊन उभी राहिली. यावेळी तिला काही उलगडा झाल्याचं ती म्हणाली नाही.

बुनहीने बूट काढले आणि चटईवर पाय ठेवला. हात कपाळाशी नेले. या वेळी पाठ फिरली नाही. ती हळूहळू खाली बसली, मान झुकवली, आणि थंडगार दगडी जोत्यावरच्या त्या फुलाफुलांच्या चटईवर वाकून राहिली. मनात तिने काहीतरी बोलायचं ठरवलं होतं, पुष्कळ वर्षं ठरवून ठेवलं होतं, पण आता एक शब्द आठवेना. नुसतं डोळ्यांतलं पाणी नाकावरून खाली ठिबकत राहिलं.

मग ती उठली. हात पुन्हा कपाळाशी गेले आणि गुडघे पुन्हा मोडू लागले. तिचा दोष नव्हता. या घरात आजवर तिने नमस्कार केले होते ते सासूच्या श्राद्धाला, आणि तिथे एकावर थांबायचं नसतं. अंगाला तीच सवय.

"एकच!"

सगळे दचकले. खुर्चीतला म्हातारा पट्ट्यांना रेटून पुढे झुकला होता. चेहरा लालबुंद झाला होता, आणि डावा हात तिला थांबवायला समोर केला होता.

"एकच, पोरी," ग्वाक आबा ओरडले. "मी अजून मेलो नाही!"

बुनही अर्धी वाकलेली तशीच थांबली, आणि मग हसत, रडत चटईवरच बसली.